काढला होतास ना? मग दाखव!

"बाई, स्क्रीनशॉट काढला होता."

हे वाक्य यापुढे माझ्यासमोर बोलायचं नाही. काढला होतास, मान्य. कुठे आहे? मोबाईलमध्ये? लॅपटॉपवर? की मित्राला पाठवलास आणि त्याने उडवला? प्रत्येक प्रश्नाला खाली मान घालतोस आणि शेवटी पुन्हा तेच, "पण काढला होता, शप्पथ!" शपथा कोण मागतंय तुझ्याकडे? शिष्यवृत्तीच्या टेबलावरचा माणूस ॲप्लिकेशन आयडी मागतो. पैसे भरल्याचा व्यवहार क्रमांक मागतो. तारीख मागतो. हे तिन्ही त्या दिवशी तुझ्या डोळ्यांसमोर पडद्यावर ठळक अक्षरांत होतं. तू बघितलंस, बटण दाबलंस आणि उठून गेलास.

तुला अक्षरओळख नसती तर मी एक शब्द बोलले नसते. ठाकरवाडीवरची आजी बँकेच्या कामाला खाली चौक गावात उतरते तेव्हा तिच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी बघ. रेशनकार्ड, पासबुक, आधार, घरपट्टीची पावती. सगळं एकावर एक, रबर लावून. तिला वाचता येत नाही. कुठला कागद कुठला हे ती रंगावरून आणि घडीवरून ओळखते. खिडकीवरच्याने मागितलं की नेमका तोच कागद बाहेर येतो. तू बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. घरात लॅपटॉप. आपलं चौक सरनौबत नेताजी पालकरांचं गाव म्हणून अभिमानाने स्टेटस ठेवणारा. आणि तुला तुझीच पावती सापडत नाही. मग शिकलेलं कोण आणि अडाणी कोण, तूच सांग.

आधी त्या मोबाईलवरच्या फोटोचं बोलू. समोर अख्खा कॉम्प्युटर चालू आहे, आणि तू खिशातून मोबाईल काढून पडद्याचा फोटो घेतोस. ट्यूबलाईटचा उजेड मधोमध. पडद्यावर नागमोडी रेघा. कोपऱ्यात तुझाच अंगठा. अर्ज क्रमांकातला तो आकडा ३ आहे की ८, शून्य आहे की इंग्रजी ओ, हे तुला तरी वाचता येतंय का? मग तोच फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवतोस. व्हॉट्सॲप त्याला आणखी दाबतं. मी चष्मा लावून, मोठा करून आकडे शोधत बसते. कशासाठी? तुला एक बटण दाबायचा कंटाळा आला म्हणून.

"लॅपटॉपवर ते बटणच नाही." आहे. वरच्या रांगेत उजवीकडे बघ, पीआरटी एससी असं बारीक लिहिलंय. काही लॅपटॉपवर एफएनचं बटण धरून ते दाबावं लागतं. कधी खाली वाकून बघितलंस?

आणि बघितलंस, दाबलंस, तरी पुढे काय होतं हे विचारायची तसदी घेतलीस? १९८१ साली आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हाही हे बटण होतं. शिफ्ट धरून दाबलं की पडद्यावरचा मजकूर खरोखर प्रिंटरवर उतरायचा, कागद हातात पडायचा. आज जुन्या विंडोजवर ते नुसतं दाबलंस तर हातात काहीच पडत नाही. चित्र क्लिपबोर्डवर जातं, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या आठवणीत. पेंट उघडून, कंट्रोल व्ही करून, सेव्ह करेपर्यंत ते कुठेही साठलेलं नसतं. मध्ये दुसरं काही कॉपी केलंस, गेलं. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. मशीन बंद पडलं, गेलं. आणि तू छातीठोकपणे सांगतोस, काढला होता. नव्हता काढलास. बटण दाबलं होतंस.

विंडोजचं बटण धरून प्रिंट स्क्रीन दाब. अख्खा पडदा टिपला जातो आणि पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स या फोल्डरमध्ये फाईल आपोआप पडते. तेवढाच तुकडा हवा असेल तर विंडोज, शिफ्ट आणि एस. समोरची एकच विंडो हवी असेल तर आल्ट आणि प्रिंट स्क्रीन, पण ते पुन्हा क्लिपबोर्डवरच जातं, पेस्ट करावं लागतं. विंडोज ११ च्या नव्या मशीनवर नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं की स्निपिंग टूल उघडतं. वनड्राइव्ह चालू असेल तर तो फोल्डर वनड्राइव्हच्या पिक्चर्समध्ये शोध. उद्या मुंबईच्या एखाद्या ऑफिसात हाती मॅक आला तर कमांड, शिफ्ट आणि ३. फाईल डेस्कटॉपवर येते. संपलं शास्त्र. तुला रील कापायचे, गाणं चढवायचे, अक्षरं नाचवायचे सगळे शॉर्टकट तोंडपाठ आहेत. कुणी शिकवले होते? कुणीही नाही. हवे होते म्हणून शिकलास. तेव्हा हे अवघड होतं म्हणून राहिलं, असं मला सांगू नकोस. अवघड नव्हतं. नको होतं.

आता तुझा डेस्कटॉप उघड. मागचं चित्र दिसतंय का कुठे? स्क्रीनशॉट कंसात १, कंसात २, आणि असंच खाली कंसात १४७ पर्यंत. त्यातच फीची पावती, त्यातच मित्राच्या वाढदिवसाचा बॅनर, आयपीएलचा स्कोअर, गाडीच्या वेळा आणि कुणाच्या तरी भांडणातला चॅट. एक उघडतोस, बंद करतोस. दुसरा उघडतोस, बंद करतोस. तिकडे खिडकी बंद व्हायची वेळ येते. आणि चिडतोस कुणावर? कॉम्प्युटरवर. "खूप स्लो आहे." नाचता येईना अंगण वाकडं!

भात झोडून झालं की तुझे वडील दाणा खळ्यावर टाकून घरी येतात का? लावणी झाली, कापणी झाली, भारे वाहिले, झोडणी झाली, फक्त कणगीत भरायचं राहिलं, असं त्यांनी कधी सांगितलंय? तू नेमकं तेच करतोस. रात्र जागून फॉर्म भरलास. फोटो सांगितलेल्या केबीत बसवलास. सही स्कॅन केलीस, पैसे भरलेस. आणि शेवटच्या चार सेकंदांचा कंटाळा केलास. फाईल निवडायची, एफ २ दाबायचं, नाव लिहायचं. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग काम: २०२५-०७-१४-शिष्यवृत्ती-पावती. तारीख अशी उलटी लिहिली की फाईली आपोआप क्रमाने लागतात. कुठल्या साईटवर चढवायची असेल तर नाव इंग्रजी अक्षरांत आणि मधे मोकळी जागा न सोडता लिही; काही साईट नाहीतर फाईल घेत नाहीत. यातलं काय तुझ्या कुवतीबाहेरचं आहे? "नंतर नाव देतो." कधी दिलंस? एकदा तरी?

२०२३ ची तलाठी भरती आठव. जागा ४,६४४. अर्ज दहा लाखांच्या वर. खुल्या प्रवर्गाला फी १,००० रुपये, मागास प्रवर्गाला ९००. तुझ्यासारख्या घरातून हजार रुपये निघतात तेव्हा कुठला तरी खर्च मागे पडतो, हे मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. परीक्षा झाली, उमेदवारांना आपापली उत्तरं लॉगिनमध्ये बघायला मिळाली, हरकती घ्यायला मुदत मिळाली. अशी मुदत संपली की लिंक बंद होते. मग कितीही रडा. ज्यांनी त्याच दिवशी उत्तरपत्रिकेची पीडीएफ करून नाव देऊन ठेवली, ते निवांत पुस्तकं काढून एकेक प्रश्न पडताळू शकतात. बाकीचे शेवटच्या रात्री ग्रुपवर विचारत सुटतात, "कुणाकडे आहे का रे?" अरे, तुझी उत्तरपत्रिका दुसऱ्याकडे कशी असेल? एका गुणाने माणूस यादीत किती खाली जातो ते तुला मी सांगायला हवं का? दिवसाला दहा तास अभ्यास करणारा पोरगा इथे हरतो आणि दोष सरकारला देतो. सरकारचे दोष आहेत, मी नाही म्हणत नाही. साईट बसते, सर्व्हर दम टाकतो, ओटीपी येत नाही. म्हणूनच तर पुरावा जपायचा! ज्या दुकानदाराचा भरवसा नाही त्याच्याकडून आपण पावती घेतल्याशिवाय हलत नाही. आणि साईटचा भरवसा नाही असं तूच ओरडून सांगतोस, मग पावतीकडे पाठ का फिरवतोस?

बरं, टिपतोस तेही अर्धवट. फक्त हिरवी बरोबरची खूण आणि "सक्सेसफुल" एवढा तुकडा कापून घेतोस. कशात सक्सेसफुल? कधी? कुठल्या साईटवर? वरचा पत्ता कापलास, खालचं घड्याळ कापलंस, अर्ज क्रमांक स्क्रोल करून खाली राहिला तो राहिलाच. अख्खा पडदा घे, म्हणजे साईटचा पत्ता आणि तारीख-वेळ दोन्ही येतात. पान लांब असेल तर कंट्रोल पी दाबून पीडीएफ म्हणून सेव्ह कर. फायरफॉक्स आणि एज या ब्राउझरमध्ये पूर्ण पान एकदम टिपायची सोयही आहे. आणि घेतल्यावर एकदा उघडून बघ! हे मी शंभरदा सांगते आणि तू शंभरदा मान हलवतोस. पालथ्या घड्यावर पाणी.

जिथे स्क्रीनशॉट चालतच नाही, तिथे मात्र तो काढून तू निर्धास्त होतोस. सातबाऱ्याचंच घे. कर्जत-खालापुरात आज जमिनीचा भाव काय चाललाय ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. प्रत्येक नाक्यावर एजंट उभा. मोबाईलमधला सातबारा दाखवतो आणि तू मान डोलावतोस. कुठला सातबारा आहे तो? साईटवर फुकट दिसणारा, बिनसहीचा. तो फक्त माहितीसाठी असतो, कायदेशीर कामाला चालत नाही, हे त्या उताऱ्याबरोबरच लिहिलेलं असतं, फक्त वाचायचं असतं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. पडताळणी क्रमांकासह. पंधरा रुपये! त्याऐवजी तू दोन वर्षांपूर्वीचा स्क्रीनशॉट जपून ठेवतोस, ज्यानंतर दोन फेरफार होऊन गेलेले असू शकतात. वडिलांची जमीन आहे ती. त्यांना ती साईट उघडता येत नाही. तुला येते. म्हणूनच ही जबाबदारी तुझी.

दुकानात बसतोस तेव्हाही तेच. गिऱ्हाईक पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवतं आणि तू माल देतोस. हिरवा पडदा बनवून देणारी खोटी ॲप्स बाजारात आहेत, हे तू स्वतः मला सांगितलंस. मग आपल्या खात्यात पैसे आले का, हे बघायला काय झालं? आणि उलट बाजूने तुलाच कुणी फसवलं, पैसे गेले, तर पहिल्या तासात काय करतोस? ग्रुपवर शिव्या घालतोस. १९३० हा नंबर लाव. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाक. आणि त्यासाठी टिपून ठेव ते नेमकं: यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक, तारीख-वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी, त्याचा फोन नंबर. नुसता "गेले रे पैसे" असा चॅट टिपून कुणाचेही पैसे परत येत नाहीत.

एक गोष्ट बोलायची आहे. ती मी सहज बोलत नाही. इर्शाळगड तुला रोज दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. जे वाचले ते अंगावरच्या कपड्यांनिशी. माणसं गेली तिथे कागदाचं काय घेऊन बसायचं? पण जे उरले त्यांना जगायचं होतं. त्यासाठी आधार, रेशनकार्ड, दाखले, पासबुकं, सगळं नव्याने उभं करावं लागलं. त्यांना कागद वाचवायला एक क्षण मिळाला नव्हता. तुला रोज मिळतो. डोंगराखाली राहणाऱ्या प्रत्येक घराने आपल्या कागदांची एक प्रत घराबाहेर ठेवावी, एवढं तरी त्या रात्रीनंतर आपल्या पंचक्रोशीत व्हायला हवं होतं. तुझ्या घरात शिकलेला तू. आईचं आधार, वडिलांचा सातबारा, बहिणीचा जातीचा दाखला, यातलं डिजिलॉकरमध्ये काय आहे? ईमेलवर काय आहे? पेन ड्राइव्हवर? गप्प का झालास?

"स्क्रीनशॉटला कुठे कोण विचारतं बाई, कोर्टात तर चालतही नाही." हे कुणीतरी तुझ्या कानात भरवलंय आणि तुला ते सोयीचं वाटलं म्हणून तू धरून बसलास. जालन्याचा खटला वाच. २०१४ ची विधानसभा निवडणूक. अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी पुढे. वाद असा की खोतकरांचा उमेदवारी अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत आला होता का. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे चालू होते, चित्रीकरण होतं. म्हणजे पुरावा होताच ना? तरीही भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, कारण इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याला हवं असलेलं प्रमाणपत्र नव्हतं. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवली होती. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला आणि नियमही स्पष्ट केला: मूळ यंत्रच समोर आणलं तर गोष्ट वेगळी, मालकाने आपला लॅपटॉप किंवा मोबाईल स्वतः साक्षीला उभं राहून दाखवला तर प्रमाणपत्राची गरज नाही. प्रत दाखवायची असेल तर मात्र प्रमाणपत्र हवंच. गोरंट्याल यांनी ते मिळवायला अर्जांवर अर्ज केले होते, अधिकाऱ्यांनी दिलं नाही, म्हणून त्यांना सूट मिळाली. सूट कुणाला मिळाली ते नीट ऐक. ज्याने आपल्याकडून जेवढं करता येईल तेवढं सगळं केलं, त्याला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाईलचं हॅश मूल्यही लिहावं लागतं. फाईलमधला एक ठिपका बदलला तरी ते मूल्य बदलतं. म्हणजे काय करायचं? मूळ फाईलला हात लावायचा नाही. लाल गोल, बाण, काय ते प्रतीवर काढ. तू काय करतोस? मूळ फाईलवरच बाण काढतोस, वर हसरा चेहरा चिकटवतोस, सेव्ह करतोस, व्हॉट्सॲपवर टाकतोस आणि मूळ डिलीट करतोस. "व्हॉट्सॲपवर आहे ना." व्हॉट्सॲपवर आहे ती दाबलेली, उतरवलेली प्रत. पाठवायचीच होती तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, म्हणजे जशीच्या तशी जाते. हेही तुला माहीत होतं. मीच सांगितलं होतं.

जपायचं ते जपत नाहीस आणि लपवायचं ते उघड्यावर टाकतोस! नाक्यावरच्या सायबर कॅफेतल्या मशीनवर पिक्चर्सचा फोल्डर उघडून बघ कधी. कुणाचं आधार दोन्ही बाजूंनी. कुणाच्या आईचं पासबुक, खाते क्रमांकासकट. कुणाचा जन्मदाखला. कुणीतरी आपला युजरनेम-पासवर्डच टिपून ठेवलाय, विसरू नये म्हणून. काम झालं, पैसे दिले, निघून गेले. पुढच्या गिऱ्हाइकासाठी सगळं मांडून. त्यात तुझं काही नाही, असं छातीवर हात ठेवून सांगू शकतोस? दुसऱ्याच्या मशीनवर काम केलंस तर फाईल पेन ड्राइव्हवर घे, फोल्डरमधून काढ, रिसायकल बिनमधूनही काढ, लॉगआऊट कर, मगच ऊठ. घाई असते म्हणे. नंतर तासभर नाक्यावर उभा असतोस तेव्हा कुठे जाते ती घाई?

आणि नुसतं कापलं म्हणजे लपलं, असंही समजू नकोस. मार्च २०२३ मध्ये विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये एक दोष उघड झाला. सेव्ह केलेलं चित्र त्यातच उघडून कापलं आणि त्याच फाईलवर सेव्ह केलं, तर कापलेला भाग फाईलच्या पोटात शिल्लक राहायचा आणि जाणकाराला त्यातलं बरंच परत काढता यायचं. विंडोज १० च्या स्निप अँड स्केचलाही तोच दोष. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. पण ती दुरुस्ती घ्यायला अपडेट करावं लागतं, आणि तुझ्या लॅपटॉपवर अपडेट "नंतर आठवण करा" वर लटकलेलं असतं. आधारचे आकडे झाकायचे तर वर पूर्ण काळा चौकोन ठेव. हायलाइटरने चार रेघा मारून काही झाकत नाही. उजेड वाढवला की आकडे दिसतात. त्याहून बरं, आधी मास्क्ड आधारच उतरवून घे, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आता मला सगळ्यात जास्त टोचतं ते बोलते. तुझा अभ्यास. ऑनलाईन लेक्चर चालू असतं. सर स्लाइड बदलतात, तू पडदा टिपतोस. पुन्हा स्लाइड, पुन्हा टिपतोस. तासाभरात फोल्डर भरतो आणि तुला वाटतं, झाला अर्थशास्त्राचा धडा. काय झाला? त्यातलं एक वाक्य सांग. एक. तुझं लक्ष सरांच्या बोलण्यावर नव्हतंच. पुढची स्लाइड कधी येते आणि बटण कधी दाबतो, यावर होतं. ते फोल्डर तू परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतोस, कंसातले आकडे बघतोस, छातीत धडधडतं, आणि बंद करतोस. हातात पेन घेऊन चार ओळी लिहिल्या असत्यास तर निदान त्या चार ओळी तुझ्या झाल्या असत्या. तू दुसऱ्या कुणाला फसवत नाहीस रे. मला तर नाहीच. स्वतःला फसवतोस, रोज, एका बटणाने, आणि अभ्यास झाला म्हणून समाधानाने झोपतोस.

मी हे सगळं दुसऱ्या कुणाला इतकं तोडून बोलले नसते. तुला गणितात कसा वेग होता, मला आठवतं. फळ्यावरचं उदाहरण मी पूर्ण लिहायच्या आत तुझं उत्तर तयार असायचं. तोच पोरगा आज "साईट बंद होती", "नेट नव्हतं", "बटण सापडलं नाही" असं बोलतो तेव्हा माझं डोकं फिरतं. ही कारणं ज्याला खरंच काही जमत नाही त्याने द्यावीत. तुला जमतं. तुला सगळं जमतं. म्हणून तुझ्याकडून एकही कारण ऐकून घेणार नाही.

रविवारी सकाळी नऊला ये. लॅपटॉप, चार्जर आणि रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन ये. शनिवारी रात्री बसून डेस्कटॉपवरचं नको ते सगळं काढून टाक. जे ठेवशील त्याला नाव दे. बिननावाची एकही फाईल दिसली तर दारातूनच परत पाठवीन. आई-वडिलांचे मूळ कागद सोबत आण, आपण ते नीट स्कॅन करू. आणि धाकट्या बहिणीला बरोबर घेऊन ये. तिचा बारावीनंतरच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचाय. तो तिने स्वतः भरायचा, तू शेजारी बसून फक्त बघायचं, आणि पावती तिच्या नावाच्या फोल्डरमध्ये गेल्याशिवाय दोघांनीही उठायचं नाही.